दिशांची मर्यादा

जुन्नर शहर डोंगरांच्या कोंदणात वसले आहे. पेठेतील कोणत्याही घराच्या गच्चीवर उभे राहिले की पश्चिमेला शिवनेरीचा कातळ दिसतो, उत्तरेला कुकडी नदीपलीकडे लेण्याद्रीची रांग दिसते आणि दक्षिणेला मानमोडीचा डोंगर. पूर्व तेवढी मोकळी. त्या बाजूने रस्ता नारायणगावला जातो आणि पुणे-नाशिक महामार्गाला मिळतो. पेठेचा माल त्याच रस्त्याने येतो, व्यापाऱ्यांच्या मुली त्याच रस्त्याने सासरी जातात, मुलगे त्याच रस्त्याने पुण्याला शिकायला जातात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पेठेचे तोंड पूर्वेकडे राहिले. उरलेल्या तीन दिशा घरातल्या जुन्या कपाटासारख्या रोज दिसत होत्या, पण त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते.

२०२० च्या वसंतात हा पूर्वेचा रस्ता मुका झाला. २२ मार्चला रविवारी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. किराणा आणि धान्याची दुकाने ठरावीक वेळ उघडी राहत. कापड, भांडी आणि सराफीच्या दुकानांना कुलपे लागली. लग्नसराईसाठी भरलेला माल कपाटांतच राहिला. नारायणगाव परिसरातला शेतकरी टोमॅटोच्या आणि फुलांच्या मळ्यांकडे हताशपणे पाहत होता. द्राक्षाच्या उशिरा धरलेल्या बागांना गिऱ्हाईक मिळेना. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी पुष्कळ जण जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतले. त्यांचे काम थांबले आणि तेही गावी परतले.

जैन घरांना अशा थांबण्याची ओळख नाही असे नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतील सहावे व्रत दिशांच्या मर्यादेचे आहे. वर, खाली आणि चारही बाजूंना आपण किती दूर जाऊ, याची सीमा श्रावकाने स्वतः ठरवायची. देशावकाशिक व्रतात ती सीमा आणखी आवळून एका दिवसापुरती, कधी एका घरापुरती करायची. दर चातुर्मासात साधू-साध्वी एका जागी स्थिर होतात, हेही पेठेने नेहमी पाहिलेले. मात्र व्रत माणूस आपण होऊन घेतो. ही मर्यादा वरून आली होती, आणि ती सर्वांना सारखी पेलवणारी नव्हती. हा फरक पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याला त्या वसंतात हळूहळू कळत गेला.

या व्यापाऱ्याचे वय पासष्टच्या घरातले. दुकान तीन पिढ्यांचे. पुण्याला महाविद्यालयात शिकणारी नात मार्चमध्ये घरी आली होती आणि अडकून पडली होती. सकाळी दुकान, दुपारी सामायिक, सूर्यास्तापूर्वी जेवण. चौविहार करणाऱ्या घरात संध्याकाळ लांब असते. एरवी ती वेळ दुकानाच्या गर्दीत जात असे. आता गिऱ्हाईक नव्हते, म्हणून आजोबा आणि नात गच्चीवर जाऊ लागली.

एप्रिलच्या आरंभी पश्चिमेला शिवनेरीच्या वरच्या अंगाला शुक्र अतिशय तेजस्वी दिसत असे. ३ आणि ४ एप्रिलच्या संध्याकाळी तो कृत्तिकांच्या पुंजक्यातून जाताना दिसला. नातीने दुर्बिणीतून पाहिले आणि दुर्बीण आजोबांच्या हाती दिली. आयुष्यभर पंचांगात कृत्तिका नक्षत्र वाचणाऱ्या माणसाने त्या दिवशी कृत्तिका प्रथमच जवळून पाहिल्या. ६ एप्रिलला महावीर जयंती आली. वरघोडा निघाला नाही, मंदिराचे दार उघडले नाही. घरोघरी नवकार मंत्राचा जप झाला. चैत्री ओळीची आयंबिले ज्याने त्याने घरीच केली आणि अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचे पारणेही घरच्या चार माणसांत उसाच्या रसाने झाले. सोहळा नसला तरी तप पार पडते, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक होते, तरुणांना ते तेव्हा दिसले.

उन्हे वाढली तशी गच्चीच्या कठड्यावर पाण्याची मातीची परळे मांडली गेली. जीवदयेची ही रीत जुनीच आहे, पण पाणी प्यायला कोण येते याची नोंद पूर्वी कोणी ठेवली नव्हती. नातीने दुकानातली एक कोरी लाल वही मागून घेतली. डाव्या बाजूला तारीख आणि वेळ, उजव्या बाजूला पाखराचे नाव. आजोबांनी वहीकडे पाहिले आणि हिशेबनिसाच्या सवयीने सांगितले, "रोजच्या रोज लिही. उद्यावर टाकलेली नोंद कधी खरी नसते." त्या वहीत बुलबुल, दयाळ, शिंजीर, हळद्या आणि भारद्वाज आले. तांबट दिसण्याआधी पंधरा दिवस त्याची ठोकणीसारखी टुक टुक नुसती ऐकू येत होती. रस्त्यावर वाहने असती तर तीही ऐकू आली नसती.

दुपारच्या वेळी नात जुन्नरच्या लेण्यांविषयी वाचून दाखवी. या शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, हे आजोबांना साधारण माहीत होते. ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास बौद्ध भिक्षूंसाठी कोरली गेली, हेही ऐकले होते. पण ती कोणी कोरून दिली, याचा विचार त्यांनी केला नव्हता. येथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत यवन म्हणजे ग्रीक आहेत, शक आहेत, आणि व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या श्रेणीही आहेत. एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख आहे. मुद्दल श्रेणीकडे राहावे आणि उत्पन्नातून धर्मकार्य चालावे, अशी ती व्यवस्था होती.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या आधी इथे आपल्याच धंद्याची माणसे होती."

पश्चिमेच्या नाणेघाटाचा मजकूरही त्यांनी पुन्हा ऐकला. कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून येणारा माल कोकणातून त्या घाटाने वर चढे, जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला भला मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकली जात असा समज आहे. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. ती आपल्या देशातील फार जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. पेठेचे तोंड एके काळी पश्चिमेकडे होते, हे या वाचनातून स्पष्ट झाले.

मे महिन्यात पश्चिमेकडे जाण्याचे कारण घडले. पेठेतल्या काही कुटुंबांनी मिळून शिधा बांधला होता. त्यात गव्हाचे पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, साखर आणि चहा होता. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वाड्यांत तो पोहोचवायचा होता. धान्य वाहतुकीचा परवाना असलेला टेम्पो ठरला आणि त्यात आजोबा पुढे बसले. वसंतातली त्यांची सहल ती एवढीच.

घोडेगाव मागे पडले आणि डिंभे धरणाचा जलाशय लागला. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. त्यांचे गाव महाळुंगे पडवळ याच तालुक्यात आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे आणि नाव बुडालेल्या गावाचे. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावठाणाच्या खुणा वर येतात. त्यांत जैन मंदिराचे दगडी अवशेषही आहेत. डोंगरातल्या वाड्यांची ती बाजारपेठ होती. जेथे बाजार तेथे व्यापारी, आणि जेथे व्यापारी वसले तेथे त्यांनी मंदिर बांधले. टेम्पो थांबवून आजोबांनी पाण्याच्या दिशेने हात जोडले. गाव उठले तेव्हा या माणसांनाही कोणीतरी दिशा नेमून दिली होती, आणि तीही त्यांनी मागितलेली नव्हती.

पुढच्या वाडीत रस्त्याच्या कडेला बाळहिरडा वाळत घातला होता. हिरड्याची कोवळी फळे झाडावरून उतरवून वाळवायची आणि विकायची, हे या भागातल्या महादेव कोळी कुटुंबांचे उन्हाळ्यातले मुख्य रोख उत्पन्न. पावसाळ्याचे मीठमिरची, बियाणे आणि मुलांचे कपडे त्यावर भागतात. शिधा वाटताना एक म्हातारी पुढे आली. आजोबांनी तिला ओळखले, कारण तिच्या घराचे पान त्यांच्या उधारीच्या वहीत वर्षानुवर्षे होते. तिचा मुलगा मुंबईत डबे पोहोचवण्याचे काम करी. तोही घरी बसला होता.

"मावशी, हिरडा गेला का?" आजोबांनी विचारले.

"कुणाला देऊ, शेठ? घ्यायला कुणी आलंच न्हाई यंदा."

दरवर्षी तिचा हिरडा दुकानात येई, आजोबा भाव सांगत आणि रक्कम उधारीतून वजा होई. रोख तिच्या हाती क्वचितच पडे. तिने कधी तक्रार केली नव्हती. त्या दिवशी वाडीत दुसरे गिऱ्हाईक नव्हते. भाव निम्मा सांगितला असता तरी तिने मान्य केला असता, आणि कागदावर त्या व्यवहारात काही चूक दिसली नसती. आजोबांनी मागील वर्षीचा भाव धरला, टेम्पोत मावेल तितका हिरडा वाडीतून घेतला आणि पैसे रोख मोजून दिले. उधारीचा विषय काढला नाही.

निघताना म्हातारीने पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदे आणून दिली. ते नको म्हणू लागले तेव्हा ती म्हणाली, "आमच्या दारातनं रिकाम्या हातानं जाऊ नका, शेठ." बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभागाचे, म्हणजे आपल्यातला वाटा अतिथीला देण्याचे. ते व्रत पाळायला आपण टेम्पो भरून आलो, अशी आजोबांची समजूत होती. परतीच्या वाटेवर द्रोण मांडीवर होता आणि ते फारसे बोलले नाहीत.

३ जूनपासून राज्यात मोकळ्या हवेत फिरण्याची आणि सायकल चालवण्याची परवानगी मिळणार होती. नातीने मानमोडीला जाण्याचे ठरवले होते. नेमके त्याच दिवशी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि घाट चढून जुन्नर-आंबेगावपर्यंत आले. घरांचे पत्रे उडाले, हरितगृहे फाटली, झाडे उन्मळली. पश्चिम पट्ट्यात हिरड्याच्या झाडांचेही नुकसान झाले. पेठेतल्या गच्चीवरची परळे फुटली. लाल वहीत त्या तारखेला एकही पाखरू नाही.

मंदिरे पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. दिवाळीत वहीपूजन झाले आणि जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढण्याची वेळ आली. डोंगरातल्या वाड्यांची पाने आली तेव्हा मुलाने लेखणी थांबवून वडिलांकडे पाहिले. आजोबांनी सांगितले, "ती पाने जुन्याच वहीत राहू दे." मुलाने व्यवहाराच्या दृष्टीने हरकत घेतली. रक्कम लहान नव्हती आणि वर्षही वाईट गेले होते. दोघांत थोडा वाद झाला. पाने ओढली गेली नाहीत.

त्या हिवाळ्यात आजोबा आणि नात मानमोडीचा डोंगर चढली. तेथील लेण्यांच्या एका गटाला अंबा-अंबिका म्हणतात. मूळ लेणी बौद्ध, पण पुढच्या काळात त्यांत जैन मूर्ती कोरल्या गेल्या आणि त्यांतील अंबिकेवरून हे नाव पडले. अंबिका ही भगवान नेमिनाथांची शासनदेवी. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत, मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ज्यांनी रथ मागे फिरवला, ते नेमिनाथ. ही कथा आजोबांनी नातीला ती लहान असताना अनेकदा सांगितली होती. या वेळी त्यांनी ती सांगितली नाही. झिजलेल्या मूर्तीपुढे दोघे उभे राहिले. घरापासून हे ठिकाण इतके जवळ होते, आणि येथे यायला आजोबांना पासष्ट वर्षे लागली होती.

खाली उतरण्यापूर्वी नातीने शहराकडे बोट दाखवले. कौलांच्या आणि पत्र्यांच्या गर्दीत त्यांची गच्ची शोधायला थोडा वेळ लागला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले. या खेपेस रोग गावागावांत शिरला होता आणि पेठेतली काही घरे रिकामी झाली. गच्चीवर परळे पुन्हा मांडली गेली. नात पुण्यातच अडकली होती, म्हणून लाल वही आजोबांकडे आली. पहिल्या पानावर त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात तारीख आहे, वेळ आहे, आणि समोर लिहिले आहे: तांबट, एक. ऐकला, दिसला नाही.