चिमणीचे दात

लिमलेटची गोळी एक आणि तोंडं तीन. मग आमच्यातली एक जण फ्रॉकच्या घेरात गोळी गुंडाळून कचकन चावायची. चिमणीच्या दातांनी तोडली की गोळी उष्टी होत नाही, हा शाळेतला कायदा. कापड ओलं व्हायचं, तुकड्यांना फ्रॉकची चव लागायची, पण कायदा पाळल्याचं समाधान मोठं. घरी आजी मात्र असले कायदे जुमानत नसे. भाकरीचा कडक पापुद्रा स्वतःच्या बोळक्यात मऊ करायची आणि मला भरवायची.

एपस्टाइन-बार विषाणूची आणि माझी ओळख बहुधा तिथलीच. कांजिण्या-नागिणीच्या विषाणूचा हा भाऊबंद. लाळेतून येतो, आणि जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो. लहानपणी आला तर साधा ताप, कित्येकदा तेवढाही नाही. पण आला की जात नाही. रक्तातल्या बी पेशींत बिऱ्हाड मांडतो आणि गप्प राहतो.

पुढे पॅथॉलॉजीत आले आणि ही गप्प राहण्याची कला स्लाइडवर पाहायला मिळाली. ‘ईबर’ची पहिली स्लाइड मला अजून आठवते. सात वर्षांच्या मुलाच्या मानेतली गाठ, हॉजकिनच्या कर्करोगाची. फिक्या गुलाबी पेशींच्या गर्दीत मोजक्याच थोराड पेशी, आणि निळीकाळी झालेली केंद्रकं नेमकी त्यांचीच. ईबर म्हणजे विषाणूचे दोन छोटे आरएनए. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. पण एकेका पेशीत ते लाखोंनी असतात, म्हणून विषाणू आत आहे का हे पाहायला आम्ही तेच शोधतो. ओठ मिटलेल्या माणसाची घशातल्या घशातली गुणगुण ऐकावी, तसं.

विषाणूकडे जनुकं ऐंशीच्या वर. गाठीत त्यांतली वापरात असतात फार थोडी, आणि कोणत्या गाठीत कोणती, हे ठरलेलं. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या बर्किटच्या गाठीत बहुधा एकच प्रथिन, एबना-१. विषाणूचा डीएनए कडं होऊन पेशीत राहतो. पेशी दुभंगताना हे प्रथिन त्या कड्याला पेशीच्या गुणसूत्राशी बांधून ठेवतं, जत्रेत पोरानं आईचा पदर घट्ट धरावा तसं. हॉजकिनमध्ये विषाणू थोडा धीट होतो. एलएमपी-१ नावाचं प्रथिन पेशीला ‘जग, वाढ’ असा निरोप देत राहतं, आणि तो निरोप थांबवायची सोयच त्यात नसते. अवयवरोपणानंतर औषधांनी पहारेकरी पेशी झोपवलेल्या असतात, तेव्हाच्या गाठींत तर सुप्तावस्थेतली नऊच्या नऊ प्रथिनं एकदम बोलू लागतात. व्हरांड्यातून जाताना नुसत्या गोंगाटावरून बाई वर्गात आहेत की नाहीत ते कळायचं, त्याची मला अशा वेळी आठवण येते.

या गप्पपणानं विषाणूच्या मागावर असलेल्या अँथनी एपस्टाइन यांना दोनेक वर्षं चकवलं. १९६१ साली लंडनमध्ये त्यांनी डेनिस बर्किट यांचं व्याख्यान ऐकलं. कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्या या शल्यविशारदानं त्या जबड्यांचा आफ्रिकाभर माग काढला होता. गाठींचे तुकडे विमानानं लंडनला येऊ लागले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसेना. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळलं, तुकडा उशिरा पोचला आणि भोवतीचा द्रव गढूळ झालेला. जंतू झाले असणार, फेकून द्या, असं कुणीही म्हटलं असतं. एपस्टाइन यांनी थेंब पाहिला, तर गाठीच्या सुट्ट्या पेशी मजेत तरंगत होत्या. त्या बाटलीत वाढल्या, आणि १९६४च्या फेब्रुवारीत त्यांतल्या एका पेशीत विषाणूचे कण दिसले. बाटलीत बाई नव्हत्या!

‘लॅन्सेट’मधल्या त्या निबंधावर नावं तीन होती: एपस्टाइन, अचाँग, बार. त्रिनिदादचे बर्ट अचाँग विषाणूच्या नावातून गळले. मला उगीचच त्याची चुटपुट लागते. गोळी तीन तोंडांत वाटायची सवय असेल.

त्या पहिल्या स्लाइडच्या मुलाचा रिपोर्ट न्यायला त्याची आई आली होती, त्याला बरोबर घेऊन. ईबर पॉझिटिव्ह म्हणजे काय ते तिनं विचारलं, मी जमेल तसं सांगितलं. ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, हा शाळेत सगळ्यांच्या डब्यातलं खातो. त्यानं झालं का?”

“नाही हो,” मी म्हटलं. “हा विषाणू माझ्यातही असेल, तुमच्यातही. सगळ्यांना कुठे गाठ होते?”

“मग याचं ताट-वाटी वेगळं ठेवू?”

“नको.”

तिला पटलं की नाही, कळलं नाही. बाहेरच्या बाकावर तिनं पिशवीतून डबा काढला. मऊ भात बोटांनी कुस्करला, घास ओठांना लावून गरम नाही ना ते पाहिलं आणि त्याला भरवला.