काळी एक, पांढरी दोन

गाणाऱ्याला "तुमची पट्टी कुठली?" असं विचारलं की उत्तर येतं, काळी एक किंवा पांढरी दोन. म्हणजे गळ्याचं माप आपण सर्रास पेटीच्या रंगांत सांगतो! आणि हीच पेटी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंद केली होती. जवळपास तीन दशकं ती बंदी टिकली. तक्रार तशी रास्तच होती: पेटीवर दोन सुरांमधल्या जागा नाहीत, मींड नाही.

हे आठवायचं कारण असं, की सध्या सुट्टीच्या दिवशी जुन्या सिंथेसायझरांबद्दल वाचतोय. आणि बघतो तर काय, हेच भांडण १९६० च्या दशकात अमेरिकेत वेगळ्या रूपात हजर!

रॉबर्ट मोग (उच्चार मोग, मूग नव्हे) हा न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात थेरमिनची किट्स विकायचा. थेरमिन म्हणजे हात न लावता, हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य. सगळी मींडच मींड. १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर त्याने आपला सिंथेसायझर बनवला. कल्पना एकदम साधी: सूर व्होल्टेजने ठरवायचा. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. सप्तकात बारा स्वर, म्हणजे दर स्वराला साधारण ८३.३ मिलिव्होल्ट.

आता गंमत बघा. ऑसिलेटरला ८३ काय नि ५० काय, सगळे सारखेच. द्याल त्या व्होल्टेजला तो सूर लावणार. बारा कप्पे आहेत ते कीबोर्डात. आत रेझिस्टरची माळ, आणि प्रत्येक पट्टी त्या माळेवरचं एक ठरलेलं व्होल्टेज उचलते. थोडक्यात, मशीनला सगळ्या श्रुती येतात, पण विचारायची सोय फक्त बाराचीच!

त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला डॉन बुक्ला हेच काम करत होता. तिथल्या टेप म्युझिक सेंटरच्या रॅमॉन सेंडर आणि मॉर्टन सुबॉटनिक यांनी त्याला ५०० डॉलर देऊन यंत्र बनवायला सांगितलं. बुक्लाने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मुद्दाम टाळल्या आणि स्पर्शाने चालणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवल्या. त्याचं म्हणणं, पियानोसारखं काही समोर दिसलं की माणूस पियानोसारखंच वाजवणार. मग नवीन वाद्य बनवून उपयोग काय?

जिंकलं कोण? मोग. १९६८ साली वेंडी कार्लोसने मोगवर बाखचं संगीत वाजवून रेकॉर्ड काढली. वाद्यातून एका वेळी एकच सूर निघायचा, तोही तापमान बदललं की घसरायचा. त्यामुळे एकेक ओळ वेगळी वाजवून, पुन्हा पुन्हा सूर जुळवून ते सगळं टेपवर रचलं. त्या रेकॉर्डला तीन ग्रॅमी मिळाले आणि सिंथेसायझर म्हणजे काय हे घराघरात कळलं. मोगला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कीबोर्ड होता म्हणूनच कुठलाही पियानोवाला समोर बसून पाच मिनिटांत काहीतरी वाजवू शकला. ही सोय काही छोटी नाही. शिवाय १९७० च्या मिनीमोगवर सूर ओढायला डाव्या हाताशी एक चाकही दिलं होतं.

खरी अडचण पुढे झाली. १९८३ साली वाद्यांना एकमेकांशी बोलायला मिडी हा प्रोटोकॉल आला. त्यात सूर म्हणजे ० ते १२७ मधला एक पूर्णांक. म्हणजे पट्टीचा नंबर! जी गोष्ट मोगकडे निव्वळ जोडलेला एक भाग होती, काढून बाजूला ठेवता येत होती, ती आता डेटा टाइप झाली. मींडेसाठी पिच बेंड दिलं, पण ते सगळ्या चॅनेलला एकदम लागू. एका चॅनेलवर दोन सूर धरून एकच वाकवायचा, तर जमत नाही. त्यावरचा अधिकृत उपाय, एमपीई, २०१८ साली आला. पस्तीस वर्षांनी! आपल्या धंद्यात याला लेगसी म्हणतात. डिफॉल्ट कोणीतरी सोयीसाठी ठेवतो, आणि पुढच्यांना तो निसर्गनियम वाटतो.

आता मुंबईत या. मिडी येण्याच्या एक वर्ष आधी, १९८२ साली, हिंदी सिनेमात गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंगांनी रोलँडची तीन यंत्रं जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. त्यातलं टीबी-३०३ हे खरं तर बास गिटारवाल्याच्या जागी बसवायचं यंत्र. पण त्यात 'स्लाइड' नावाची सोय होती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची. अ‍ॅनालॉग सर्किट, त्यामुळे मधल्या सगळ्या जागा घेत जाणार. कंपनीने ती रागांसाठी नक्कीच ठेवली नव्हती. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले.

असो. आज इयरफोन लावून त्यातला भैरव ऐका. आणि सोमवारी ऑफिसात एखाद्या फील्डला 'इंटिजर पुरे' असं लिहिताना क्षणभर थांबा. मधल्या जागा कुणाला तरी लागणार आहेत.