बाणाचा ताठपणा

‘बाणासारखा सरळ’ ही उपमा आपण वर्गात निःशंकपणे वापरतो. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७० मीटरवरचे लक्ष्य वेधत होता. त्या निमित्ताने आम्ही धनुर्विद्येविषयी वाचू लागलो आणि ही उपमा खटकू लागली. प्रत्यंचेवरून सुटलेला बाण आधी वाकतो, लवलवतो आणि मग मार्गी लागतो. म्हणूनच बाण निवडताना त्याचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळवावा लागतो. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा फाजील ताठ बाण डावीकडे सरकतो, फार लवचीक बाण उजवीकडे. सर्वांसाठी एकच उत्तम बाण नसतोच. समीक्षेतही वेगळे काय घडते? तोकड्या वाचनाच्या धनुष्याला ताठर सिद्धान्त लावला, तर तो साहित्यकृतीच्या बाजूनेच निघून जातो.