बांडगुळाचे ऋण

मराठीत एखाद्याला ‘बांडगूळ’ म्हणणे ही शिवीच होय. दुसऱ्याच्या फांदीत मूळ रोवून त्याच्या रसावर वाढणाऱ्या या वनस्पतीविषयी भाषेचा निवाडा स्पष्ट आहे: परोपजीवी हा केवळ घेणारा, देणारा नव्हे. जीवशास्त्राने मात्र या निवाड्याच्या फेरविचाराची वेळ आणली आहे.

प्रश्न आहे तो नर-मादीच्या द्वैताचा. न्यूझीलंडच्या तळ्यांत पोटॅमोपिर्गस नावाची, काही मिलिमीटर लांबीची गोगलगाय आढळते. तिच्यातील काही माद्या नराच्या संयोगाने प्रजा निर्माण करतात. काही नराविनाच स्वतःच्या हुबेहूब प्रती प्रसवतात. हिशेबाने पाहता सरशी दुसऱ्यांची व्हावी. कारण स्वतः न प्रसवणाऱ्या नरांवर त्यांची निम्मी संतती खर्ची पडत नाही. तरीही नर टिकून आहेत. कर्टिस लाइव्हली यांनी १९८७ साली दाखविले, की गोगलगाईला वांझ करणाऱ्या कृमींचा प्रादुर्भाव जेथे अधिक, तेथे नरांचे प्रमाणही अधिक.

विल्यम हॅमिल्टन यांनी १९८० साली मांडलेल्या विचाराला हे पोषकच होते. परोपजीवींच्या पिढ्या झपाट्याने पालटतात, आणि जे कुलूप सर्वत्र दिसते त्याचीच किल्ली ते घडवितात. मग प्रत्येक पिढीत कुलूप बदलणे, हेच संयोगाचे प्रयोजन ठरते. ली व्हॅन व्हेलन यांनी उत्क्रांतीतील अशा अखंड चढाओढीसाठी १९७३ साली ल्यूइस कॅरॉलच्या बालकथेतील तांबडी राणी उसनी घेतली होती. तिच्या राज्यात जागच्या जागी राहण्यासाठीही धावावे लागते. पुढे हॅमिल्टन यांचा विचारही त्याच राणीच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

हे एकमेव उत्तर नव्हे. घातक उत्परिवर्तनांचा निचरा हेही संयोगाचे एक कारण मानले जाते. परंतु तांबड्या राणीचा दाखला मनाला अधिक भिडतो. मूल आपल्या वळणावर गेले नाही, ही खंत घरोघरी ऐकू येते. ते हुबेहूब वळणावर गेले असते, तर आईबापांना ओळखून बसलेल्या रोगाने त्यालाही तत्काळ ओळखले असते. जी विसंगती कुळाला सलते, तीच कुळाची तटबंदी असते.

बांडगुळाने मनाने काहीच दिले नाही, हे खरे. तरीही त्याच्या धाकाने जे टिकले, त्यात प्रत्येक नवजात चेहऱ्याचे अपूर्वपण मोडते. शिवी देताना एवढे ऋण स्मरणात असावे.