कवा थरथरतंय?

मेकॅनिकलला असण्याचा एक मोठा तोटा आहे. सुट्टीत घरी गेलं की मिक्सरपासून मोटारीपर्यंत जे जे बिघडलेलं असेल ते आपली वाट बघत असतं. "एवढी फी भरतोय, बघ जरा!" या दिवाळीत माझ्या वाट्याला आली बाबांची गाडी.

गाडी २००७ सालची, छोटी, बारा इंची चाकांची. बाबा निवृत्त शिक्षक. त्यामुळे गाडी फिरते कमी आणि पुसली जाते जास्त! तक्रार एकच : स्टिअरिंग थरथरतं. मी लगेच बाबांना शेजारी बसवून गाडी हायवेला काढली. कराड सोडून उंब्रजच्या दिशेने निघालो. ताशी ७० ला थरथर जाणवली, ८० ला चांगलीच वाढली. झालं! थिअरी ऑफ मशिन्सचं अख्खं पान डोळ्यांसमोर आलं.

"पेठेतून हळू जातानापण हलतं रे," बाबा म्हणाले.

"पेठेत खड्डे आहेत, बाबा," म्हणून मी विषय संपवला आणि लेक्चर सुरू केलं. रिमच्या काठावर ३० ग्रॅमचा फरक असला, तरी ८० च्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या मारतं आणि तेवढासा फरक जवळजवळ साडेतीन किलोच्या जोराने चाकाला खेचतो. एम आर ओमेगा स्क्वेअर! बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आयुष्यभर वर्गात शिकवलेला माणूस, लेक्चर कसं ऐकावं हे त्यांना ठाऊक होतं.

टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंग केलं. रिमला वजनं ठोकून झाली, पैसे दिले. परत हायवे. थरथर कमी झाली होती, पण गेली नव्हती.

त्या रात्री आई हळूच म्हणाली, "ते हल्ली गाडी काढतच नाहीत. म्हणतात, गाडी ठीक असेल, माझेच हात थरथरायला लागलेत."

काळजात चर्रर झालं. माझ्या अर्धवट दुरुस्तीने त्यांची ही शंका आणखीनच पक्की केली असणार.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन जुन्या मिस्त्रीमामांकडे गेलो. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी बाबांनाच विचारलं, "गुरुजी, कवा थरथरतंय ते सांगा आधी."

मग एकेक प्रश्न. ब्रेक दाबल्यावर वाढतं का? नाही. म्हणजे डिस्क नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थांबतं का? नाही. म्हणजे ड्राइव्ह शाफ्टवर संशय कमी. स्टिअरिंग हलतं की सीट? स्टिअरिंग. म्हणजे बहुतेक पुढची चाकं. "आन् हळू चालवताना?" बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पंचवीस-तीसलापण डुलतं."

तिथेच माझी विकेट पडली. वेग ८० वरून २५ वर आला, तर तो खेचणारा जोर एक दशांशावर येतो. एवढ्या कमी वेगाला नुसत्या वजनाच्या फरकाने स्टिअरिंग डुलणार नाही. माझाच फॉर्म्युला मला हे सांगत होता, फक्त मी बाबांचं ऐकलं नव्हतं.

मामांनी जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवलं, मग डावी-उजवीकडे. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, कशातच खेळ नव्हता. मग विटेवर स्क्रू ड्रायव्हर ठेवून त्याचं टोक टायरजवळ आणलं आणि चाक हाताने फिरवलं. फट कमी-जास्त होत होती आणि एका जागी टायर चक्क घासत होता! आतल्या बाजूला हात घातला तर फुगवटा.

नक्षी नव्यासारखी होती, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. मामांनी टायरवरचे चार आकडे दाखवले : २२१५. म्हणजे २०१५ सालचा बाविसावा आठवडा. टायर झिजला नव्हता, म्हातारा झाला होता. आतले थर सुटले होते. बॅलन्सिंग वजनाचा फरक काढतं, आकार कसा सुधारणार? "हायवेला फुटला असता," मामा एवढंच म्हणाले. आणि याच टायरवर मी बाबांना बसवून दोनदा ८० गाठलं होतं...

पुढचे दोन्ही टायर नवे घेतले. स्टेपनीही त्याच वयाची निघाली, तीसुद्धा बदलली. सुट्टी संपल्यावर मला हॉस्टेलला सोडायला बाबा स्वतः गाडी घेऊन आले. उंब्रजच्या पुढे काटा ८० वर होता. बाबा स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे मधूनमधून बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

परवा व्हायवाला सरांनी विचारलं, "व्हायब्रेशनची कारणं सांगा."

मी म्हणालो, "सर, आधी सांगा, कधी होतंय?"

सर हसले. मार्क मात्र नेहमीइतकेच पडले!