शोभेचा थर्मोस्टॅट

यंत्राच्या पोटात हात घालू नये, असं आमच्या सौभाग्यवतीने मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. तेव्हा निमित्त गजराच्या घड्याळाचं होतं. ते घड्याळ त्यानंतर दिवसातून दोनदाच बरोबर वेळ दाखवू लागलं.

आम्ही सालेकशाला राहतो. पुढचं स्टेशन दरेकसा, आणि तिथून जवळच कचारगडचा डोंगर. माघ पौर्णिमेला गोंड समाजाची तिथं मोठी यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही माणसं येतात. गेल्या माघात पुण्याचे आमचे साडू ती गुहा बघायला सहकुटुंब निघाले, आणि आदल्याच दिवशी गिझरने मान टाकली. इकडच्या पहाटेची थंडी पुणेकरांना ठाऊक नसते. विदर्भ म्हटला की त्यांना फक्त ऊन आठवतं.

‘‘थर्मोस्टॅट गेला,’’ एवढं निदान करून वायरमन यात्रेत दिवे लावायला निघून गेला. मी गोंदियाहून नवा थर्मोस्टॅट आणला. दोन वायरी, दोन स्क्रू. मराठी माध्यमातल्या मास्तरलाही जमावं असं काम. त्यातला एक स्क्रू अडचणीत होता, पेचकस पोचेना. तेव्हा दोन्ही वायरी मी जवळच्या एकाच स्क्रूखाली आवळून टाकल्या. वीज ती, आपली वाट आपण शोधील!

आणि शोधली की हो तिने! संध्याकाळी मंडळी न्हाऊन निघाली ती लालबुंद होऊन. ‘‘साडभाऊ, तुम्ही उगाच मास्तरकीत आयुष्य घालवलंत,’’ साडू म्हणाले. मी नम्रपणे पेचकस खिशात ठेवला. जरा वरच ठेवला, म्हणजे मूठ दिसेल.

रात्री जेवताना न्हाणीघरातून खदखद ऐकू येऊ लागली. साडूंची सहा वर्षांची नात हात धुवायला धावली आणि तिने नळ सोडला. फुस्सकन वाफ आली. हिने पोरीला दंडाला धरून मागे ओढलं म्हणून बरं. मी तोंडातला घास तसाच धरून बसलो होतो. तेवढ्यात गिझरचा लाल दिवा आपला आपण विझला. ‘‘पाणी तापलं म्हणून विझला,’’ मी समजावलं. आवाज मात्र माझा मलाच परका वाटला.

सकाळी पाणी बर्फासारखं आणि दिवा विझलेलाच. फ्यूज पाहिला, शाबूत. टेस्टर लावला, बटणापर्यंत वीज येत होती. शेवटी मी नव्या थर्मोस्टॅटवर खापर फोडलं. हिने एक शब्द न बोलता माळ्यावरून तांब्याचा बंब काढला आणि अंगणात पेटवला. बंबाला थर्मोस्टॅट नसतो. आमची आई पाण्यात बोट घालून बघायची आणि ‘‘विसण घाल रे’’ म्हणायची, तोच थर्मोस्टॅट.

शेजारचा पोरगा शेतातले पंप दुरुस्त करतो. त्याने आधी मेन बंद केला (माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं), झाकण उघडलं आणि आतलं एक बारीक बटण दाबलं. टक्! पाणी फार तापलं की हा कटआउट सगळी वीज तोडतो, आणि बोटाने दाबेपर्यंत पुन्हा जोडत नाही. मी गिझर चालू करायला हात पुढे केला.

‘‘थांबा जी काकाजी. हा थर्मोस्टॅट तुमी शोभेसाठी लावला काय?’’

वीज एका स्क्रूने आत शिरते, दुसऱ्याने बाहेर पडते. पाणी साधारण ६० अंशांवर गेलं की मधला दुवा सुटतो. माझ्या दोन्ही वायरी दाराबाहेरच एकमेकींना भेटल्या होत्या. पहारेकरी आत जागा होता, पण त्याला विचारत कोण होतं? ‘‘कटआउट पडला नसता अन् व्हॉल्व्हही अडकला असता, तर टाकी छतातून गेली असती,’’ असं तो इतक्या सहज म्हणाला की मी स्टुलावर बसलोच.

एक वायर त्याने दुसऱ्या स्क्रूवर नेली. दोन मिनिटांचं काम. पैसे घेईना. ‘‘पुढच्या वेळी फक्त हाक मारा,’’ म्हणाला.

दुपारी आम्ही कचारगडला पोचलो. पिवळ्या झेंड्यांच्या मागोमाग ओळ डोंगर चढत होती. म्हातारीकोतारी माणसं अनवाणी चालत होती, आणि आमचे साडू बुटांतून कुरकुरत होते. काली कंकालीची ३३ मुलं या गुहेत कोंडली होती आणि पारी कुपार लिंगोने ती सोडवली, अशी गोंडांची कथा. एका आजोबांनी ती पोरीला बसवून सांगितली, आणि ती सगळी मुलं सुटेपर्यंत पोरगी जागची हलली नाही.

गुहा प्रचंड आहे. छताला एक भलं मोठं भोक आहे, तिथून उजेड खाली पडतो. सगळे मान वर करून बघत होते. मीही बघितलं आणि मला आमच्या न्हाणीघराचं छत आठवलं.

‘‘हल्ली कंपन्या काय माल देतात हो!’’ शेजारी साडू म्हणाले. ‘‘नवा कोरा थर्मोस्टॅट, आणि एका दिवसात खलास. तक्रार करा तुम्ही.’’

‘‘करतो ना,’’ मी म्हणालो. ही माझ्याकडे बघत होती, म्हणून मी पुन्हा त्या भोकाकडे बघू लागलो.