जिला जेवढे पचेल तेवढे

अर्धवट विद्या अज्ञानाहून महाग पडते, असे आम्ही शाळेतल्या मुलांना वारंवार बजावीत आलो आहोत. ती आम्हांलाच कशी महाग पडली, याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. खेदाची गोष्ट एवढीच की, चूक आमची असून भुर्दंड प्रथम बसला तो एका गरीब बाईला.

काही कामानिमित्त आम्हांला आठवडाभर हैदराबादेस राहण्याचा योग आला. नल्लकुंटा भागात आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब राहते, त्यांच्याकडे आमचा मुक्काम होता. तेलुगू भाषेत नल्ल म्हणजे काळे आणि कुंट म्हणजे तळे. याच भागात सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले साथीच्या रोगांचे सरकारी इस्पितळ आहे. लोक त्याला सरळ 'फीव्हर हॉस्पिटल' म्हणतात. रुग्णांचे नातेवाईक दुरून येतात आणि पहाटेपासून बाहेर चहा व न्याहारी शोधीत असतात. न्याहारीला तिकडे 'टिफिन' म्हणतात. आमच्या यजमानांच्या शेजारी राहणारी एक विधवा बाई रोज पहाटे चार वाजता इडलीची गाडी घेऊन त्या बाजूला जात असे. गाडीवर उजेड असे तो एका बॅटरीच्या दिव्याचा.

आमच्या यजमानांच्या गच्चीवर 100 वॅटचे एक सोलर पॅनल होते. ऑक्टोबर 2020 मध्ये हैदराबादेत अतिवृष्टी होऊन अनेक वस्त्यांत पाणी शिरले व वीज गेली. त्या अंधाऱ्या रात्रींनंतर त्यांनी ते बसवून घेतले. पॅनलच्या वायरी एका चार्ज कंट्रोलरमध्ये आणि तेथून 12 व्होल्टच्या मोठ्या बॅटरीला जोडलेल्या होत्या. वीज गेली की त्यावर घरातले चार दिवे चालत.

एके दिवशी सकाळपासून वीज नव्हती. ती बाई आपला दिवा घेऊन आली. तिच्या दिव्याची बॅटरी उतरली होती, आणि दुसऱ्या पहाटेला तर गाडी न्यावयाची होती. यजमान कामावर गेले होते. सेमिनरीत असताना आम्ही पदार्थविज्ञानाचा थोडाबहुत अभ्यास केला होता. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने 1800 साली पहिली विद्युत्-बॅटरी केली आणि त्याच्याच नावावरून 'व्होल्ट' हा शब्द आला, हे आम्हांला ठाऊक होते. तेवढ्या भांडवलावर आम्ही पुढे सरसावलो.

दिव्यातील बॅटरीवर 6 व्होल्ट असे छापलेले होते. पॅनल 12 व्होल्टचे. तेव्हा निम्म्या व्होल्टची बॅटरी निम्म्या वेळात भरेल, असा हिशेब आम्ही केला. पॅनलच्या ज्या वायरी कंट्रोलरला जात होत्या, त्यांनाच चिमटे लावून ती लहान बॅटरी परस्पर जोडली. एकाच उन्हात दोघींचे पोट भरेल, या समाधानात आम्ही जेवून वामकुक्षी केली.

संध्याकाळी पाहतो तो लहान बॅटरी फुगून वेडीवाकडी झालेली, हातांना चटका बसावा इतकी तापलेली, आणि सभोवार आम्लाचा उग्र वास! मोठी बॅटरी भरली असेल म्हणावे, तर तीही सकाळी होती तेवढीच रिकामी. धाकटी अजीर्णाने मेली आणि थोरली उपाशी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बाई उजाडल्यावर गाडी घेऊन गेली. तोवर पहाटेचे गिऱ्हाईक निघून गेले होते. निम्म्या इडल्या परत आल्या. तिने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. "फादरगारू, दुरुस्त होईल का?" एवढेच तिने विचारले. यजमानीणबाईंनी त्या प्रश्नाचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा आमची मान खाली गेली.

जवळच्या गल्लीत मोटारी व बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचे दुकान होते. त्याला गच्चीवर बोलावून आणले. त्याने पॅनलच्या वायरी मोकळ्या करून मीटर लावला. काटा 21 व्होल्टवर गेला! आम्ही चकित झालो. तो हसून म्हणाला, "पूछना था ना, फादरसाब."

मग त्याने जे समजावून दिले, ते आमच्या गावकरी वाचकांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे सांगतो. 12 व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनल 12 व्होल्टचे नसते, तर 12 व्होल्टची बॅटरी भरण्याजोगे असते. त्यात बहुधा 36 घटक असतात व प्रत्येक घटक काम करताना सुमारे अर्धा व्होल्ट देतो, म्हणजे एकूण 18 व्होल्ट. काहीच जोडलेले नसेल तर ते 21-22 पर्यंत चढते. याउलट शिशाच्या बॅटरीत प्रत्येक घर 2 व्होल्टचे. 6 व्होल्टच्या बॅटरीत अशी तीन घरे, 12 व्होल्टच्या बॅटरीत सहा. तीन घरांच्या बॅटरीला भरताना सात व्होल्टच्या आसपास पुरे होतात. सहा घरांच्या बॅटरीला चौदाहून थोडे अधिक लागतात.

बॅटरी परस्पर जोडली की पॅनलचा दाब त्या बॅटरीच्या दाबापर्यंत खाली येतो. आम्ही दोघींना एकाच वायरीवर बसविले तेव्हा लहान बॅटरीने पॅनलला आपल्या पातळीवर ओढले. तेवढ्या दाबाने 12 व्होल्टच्या बॅटरीत काहीच शिरेना; पाणी उताराकडेच जावयाचे. इकडे साडेचार अँपिअर-तासांच्या त्या जिवाला फार तर सव्वा-दीड अँपिअर सोसले असते; तिच्यात भर दुपारी पाच अँपिअर लोटले गेले, आणि 'आता पुरे' म्हणणारे मध्ये कोणी नव्हते.

याहून भयंकर चूक म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना थेट जोडणे. मग मोठी लहानीवर तुटून पडते. ठिणग्या उडतात, वायरी वितळतात. मोबाइलमधील लिथियम घटक तर 4.2 व्होल्टच्या वर नेला की पेट घेण्याचे भय असते. त्याला उघड्या वायरी कधीही लावू नयेत.

मग एका पॅनलवर अनेक बॅटऱ्या भरावयाच्या तरी कशा? कारागिराचे उत्तर सोपे होते : घरात कारभारी एकच असावा. पॅनलने एका मोठ्या बॅटरीलाच भरावे, तेही कंट्रोलरमार्फत. आणि बाकीच्यांनी तिच्याकडून आपापल्या मापाने घ्यावे. त्याने मोठ्या बॅटरीला फ्यूज घातला व त्यापुढे व्होल्ट उतरविणारे एक लहानसे यंत्र बसविले. ते 6.9 व्होल्टवर व एका अँपिअरच्या मर्यादेवर लावून दिले, ते दिव्यासाठी. शेजारी मोबाइलसाठी 5 व्होल्टचे सॉकेट बसविले. पुढचे माप मोबाइल स्वतःच सांभाळतो.

हिशेबही त्याने करून दाखविला. चांगल्या उन्हाच्या दिवशी 100 वॅटच्या पॅनलपासून, नुकसान वजा जाता, सुमारे 400 वॅट-तास मिळतात. 40 अँपिअर-तासांच्या मोठ्या बॅटरीत 480 मावतात. परंतु ती दीर्घकाळ टिकावी असे वाटत असेल तर निम्म्याहून अधिक उपसू नये. म्हणजे 240 खर्चावयाचे. पाच वॅटचे चार दिवे पाच तास चालले तर 100, तीन मोबाइलना सुमारे 50, आणि त्या बाईच्या दिव्याला 40. शेजारणीला देऊनही शिल्लक उरते!

आपल्या गावी फवारणीच्या पंपाची बॅटरी 12 व्होल्टचीच असते, म्हणून कोणी ती मोठीला जोडू पाहील. तसे केल्याने ती पूर्ण भरत नाही. पंपाबरोबर आलेला चार्जर लहान इन्व्हर्टरवर लावावा, हे उत्तम. आणि 24 व्होल्टची बॅटरी 12 व्होल्टच्या पॅनलवर भरणारच नाही. तिला दोन पॅनल एकापुढे एक जोडावी लागतात. कंट्रोलर लावताना आधी बॅटरी जोडावी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल काढावे. शिशाची बॅटरी भरताना पेटणारा वायू सुटतो, म्हणून ती बंद खोलीत किंवा चुलीपाशी ठेवू नये.

नव्या बॅटरीचे पैसे अर्थातच आम्ही दिले. बुडालेल्या धंद्याबद्दल म्हणून त्यावर काही नोटा ठेवल्या. त्या बाईने कारागिराला किंमत विचारली, तेवढे पैसे मोजून घेतले आणि उरलेल्या नोटा आमच्या हाती परत ठेवल्या. बॅटरीचे तेवढे बॅटरीला पुरे, अशा अर्थाचे काहीतरी ती म्हणाली.

निघण्याच्या दिवशी पहाटे आम्ही गच्चीवर गेलो. खाली गल्लीत अंधार होता, आणि इस्पितळाच्या दिशेने एक पांढरा दिवा हळूहळू सरकत चालला होता.